रिंगण क्रमांक एक

३ मार्च

म्युझियमवाली मला काका म्हणाली.

हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं इथून सुरू होतं. तिचं-माझं काहीही नातं नाही. ती तिशीची असेल. मी तिच्याकडे गेलो होतो तो एक ऐतिहासिक, नव्हे, प्रागैतिहासिक शोध घेऊन. गावाबाहेरच्या पठारावर, पाण्याच्या टाकीच्याही वर, जिथे वारा माणसाला धड उभं राहू देत नाही, तिथे दगडांचं एक रिंगण आहे. रविवारी संध्याकाळी मला दिसलं. गोल. आत सपाट जागा. एका बाजूला फट, म्हणजेच दार. हजारो वर्षांपूर्वी तिथे झोपडी होती. माणसं राहत होती. मला ते बघताक्षणी कळलं. अंगावर काटा आला.

तिने माझा मोबाइल घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि म्हणाली, काका, हा मेंढवाडा आहे, फार तर साठेक वर्षांचा. पठारावर खऱ्या झोपड्यांच्या खुणा असणार, आम्हीही शोधतोय, पण त्या इतक्या उठून दिसत नाहीत.

म्हणजे माझ्या शोधाचा दोष काय, तर तो दिसतो!

उठून आलो. दारात शिपायाने अभिप्राय लिहायला लावला. सवयीने ‘उत्तम’ लिहून बसलो. नंतर चरफडलो.

संकल्प: रिंगण क्रमांक एक जगासमोर आणायचं. म्युझियमच्या छाताडावर नाचून.

४ मार्च

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात माझं आयुष्य गेलं. जमिनीखालचे पाइप कागदावर काढतो. जमिनीखाली काय असतं हे मला नाही कळणार, तर त्या पोरीला कळणार? गेल्या वर्षी मुख्य पाइप फुटला तो माझ्या नकाशामुळे नाही. खोदणाऱ्यांनी नकाशा उलटा धरला होता. (चौकशीत हे मान्य झालं नाही. चौकशी करणारेही नकाशा उलटाच धरून बसले होते.)

साहेबांकडे लांब रजा मागितली. कशाला, म्हणाले. संशोधन, म्हणालो. कसलं, गळतीचं? म्हणाले आणि अख्खा विभाग हसला. जो सर्वांत मोठ्याने हसला त्याचं टेबल माझ्या शेजारी आहे. त्याला यापुढे खोडरबर देणार नाही.

५ मार्च

हिला फोटो दाखवले. ही इस्पितळात एक्स-रे काढते. हिने सवयीने मोबाइल खिडकीच्या उजेडाकडे धरला. अगं, मोबाइलच्या आरपार दिसत नाही, म्हणालो. तिकडे लक्षच नाही. म्हणाली, अहो, तुमचं रिंगण राहू द्या, त्याच्या मागे गवतात हे काय आहे? गोलसर सावली पडलीय बघा.

ऊन उतरतीला होतं. सावल्या पडणारच. तसं सांगितलं.

सावली कशाची तरी असते, म्हणाली.

तू हाडं बघ, मी दगड बघतो, म्हणालो. त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. छान शांतता मिळाली. कामाचा आराखडा एका बैठकीत पूर्ण.

९ मार्च

हत्यारं पाहिजेत. मेहुण्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणून नाइलाजाने त्याच्या दारात गेलो. पहार, फावडं आणि काटेरी तार मागितली. गल्ल्यावरून ओरडला, दाजी, आदिमानवांना तारेचं कुंपण होतं का? दुकानात चार गिऱ्हाइकं. सगळी दात काढत होती. आता तिथला पोऱ्यासुद्धा म्हणतो, आदिमानव आले, आदिमानव आले.

संकल्प: त्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही. (पहार परत करायला एकदा जावं लागेल. ते धरायचं नाही.)

१२ मार्च

रजेचा तोडगा निघाला. पाठदुखी. पाठदुखी कुणाला दिसत नाही, तेवढंच तिचं मोठेपण. डॉक्टरसमोर असा काही वाकलो की तोच घाबरला आणि एक्स-रे काढायला पाठवलं. तिथे ही उभी.

हिने मला मशीनसमोर उभं केलं, श्वास रोखा म्हणाली, आणि बराच वेळ सोडा म्हणालीच नाही. मग फिल्म उजेडावर लावून मणका न् मणका तपासला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, इतकं निरखून मला पहिल्यांदाच बघितलं. म्हणाली, पाठ ठणठणीत आहे. बाकीचं यात दिसत नाही.

तरी डॉक्टरने रजा लिहून दिली. माणूस समजूतदार आहे.

१४ मार्च

पहिला दिवस. पहाटे निघायचं होतं, नऊ वाजले. वारा असा की डब्याचं झाकण उघडलं ते परत दिसलं नाही. रिंगणाच्या भिंतीला लागून खणलं. फूटभर खाली काय सापडावं? गंजलेली लोखंडी तार!

म्हणजे या लोकांना लोखंड माहीत होतं! सगळा इतिहास मागे सरकवावा लागेल. म्युझियमवालीला कळवत नाही. तिला पेपरातच वाचू दे.

१५ मार्च

तारेच्या खाली सोडावॉटरच्या बाटलीचं बूच.

हे कुणीतरी मुद्दाम पुरलेलं आहे. कोण, ते सांगायला नको. बाई एवढ्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं. बूच दरीत भिरकावलं. वाऱ्याने परत आणून माझ्याच कपाळावर मारलं. खोक पडली.

१९ मार्च

रिंगणाला काटेरी तार ओढली. पाटी लावली: ‘प्रागैतिहासिक वसाहत. आत येण्यास सक्त मनाई. हुकमावरून.’ हुकूम कुणाचा, हे लिहायचं नसतं. न लिहिल्याने वजन वाढतं.

दुपारी मेंढपाळ आला. त्याची एक मेंढी तारेत अडकली होती, लोकर फाटून रक्त आलेलं. माझ्या नावाने शंख करत आला. हा सार्वजनिक माळ आहे, तू कोण कुंपण घालणारा, म्हणाला. मी पाटीकडे बोट दाखवलं. त्याने पाटी उपटली आणि गुडघ्यावर मोडली. मी कायद्याची भाषा काढली. त्याने कुत्रा सोडला.

पँट गेली. मांडीवर दोन दात. इंजेक्शनं घ्यावी लागणार. इस्पितळात हिच्या मैत्रिणी आहेत, सगळ्या मान वळवून हसतात.

मेंढपाळ म्युझियमला मिळालेला आहे. कुत्राही.

२४ मार्च

पेपरात माझं पत्र छापून आलं! मथळा: ‘पठारावर अतिक्रमण.’ मी तसा दिला नव्हता. शिवाय अर्ध्याहून जास्त पत्र कापलंय, नेमकं लोखंडाचं. उरलंय ते वाचून असं वाटतं की अतिक्रमण मीच केलंय.

शेजारच्याने जिन्यात अडवून अभिनंदन केलं. तुम्ही पकडलात का त्या अतिक्रमणवाल्याला, म्हणाला.

२८ मार्च

लोकांना फूटभर भिंत दाखवून भागणार नाही. लोकांना डोळे नसतात. त्यांना उभी झोपडी दाखवली पाहिजे, दार-छपरासकट. म्हणजे म्युझियमवालीचं तोंड कायमचं बंद. याला पुनर्रचना म्हणतात. मोठमोठे देश करतात.

दगड कमी पडतायत. पण नशीब बघा, रिंगणाच्या मागेच, गवतात, भरपूर दगड आहेत. मोठे, बसके, अर्धे जमिनीत. कुणाच्याही उपयोगाचे नाहीत.

मेहुण्याकडे पिकअप आहे. त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. फोन केला. फोनवरचं बोलणं वेगळं.

३० मार्च, रविवार

सगळा दिवस दगड काढले. पहार घालून घालून हाताला फोड आले. जमिनीत इतके घट्ट होते की वाटावं कुणी मुद्दाम, मोजूनमापून, शेजारी शेजारी बसवलेत. एक तर दोघांनी लोंबकळलो तेव्हा हलला. मेहुणा मध्येच पहारीवर रेलून म्हणाला, दाजी, हे पण गोलच दिसतंय की.

सगळंच गोल दिसायला लागलं की डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावं, म्हणालो.

संध्याकाळपर्यंत तिथली जमीन मोकळी. एकूण एक दगड माझ्या भिंतीवर. भिंत छातीपर्यंत आली! आत उभं राहून बघितलं. मी काही भावनाप्रधान माणूस नाही, पण डोळे भरून आले. वारा होता.

५ एप्रिल

दाराची दिशा ठरवली. दरीकडे तोंड. फोटोत मागे सगळं गाव येईल. वारा तिकडूनच येतो, पण आदिमानव काही आपल्यासारखे नाजूक नव्हते.

घरी वेगळाच प्रकार. हिचा मोबाइल ओट्यावर वाजला. स्क्रीनवर ‘म्युझियम’. ही ओल्या हाताने फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. परत आल्यावर विचारलं. म्हणाली, तुमचा तो पहिला फोटो मी त्यांना पाठवला होता. पुढच्या रविवारी बघायला येते म्हणाल्या. मीही येणार आहे.

महिनाभर फुरंगटून बसलेली बाई आतून माझ्यासाठी वकिली करत होती! शेवटी बायको ती बायको. आणि म्युझियमवाली शरण आली. रविवारीच उद्घाटन ठेवतो. पेपरवाल्याला फोन केला. आधी यायला तयार नव्हता. अतिक्रमणाचं प्रकरण आहे म्हटल्यावर लगेच हो म्हणाला.

१२ एप्रिल

छप्पर चढवलं. बांबू, वर वाळलेलं गवत, सुंभाने आवळलं. मेहुणा म्हणाला, दाजी, तारेने बांधा. म्हणालो, तार त्या काळात नव्हती. मग म्हणाला, तुम्हाला तर सापडली होती ना? अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

भाषण लिहिलं. सुरुवात क्षमेने करणार आहे. म्युझियमवालीला सर्वांदेखत क्षमा करायची.

१३ एप्रिल, सकाळी सात

इस्त्रीचा शर्ट. भाषण खिशात. हिने स्वतःहून माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, अहो, तिथे फार बोलू नका, त्यांना आधी बघू द्या. हिच्याही डोळ्यांत मला अभिमान दिसला. आज दिवस माझा आहे.

१३ एप्रिल, संध्याकाळी

छप्पर उडालं.

तेवढंच लिहिणार होतो. पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असा माझा बाणा आहे, म्हणून झालं ते लिहितो.

मी, ही, मेहुणा, म्युझियमवाली आणि कॅमेरा घेऊन पेपरवाला, एवढे जण होतो. थोड्या अंतरावर मेंढपाळ. त्याला बोलावलं नव्हतं. मी भाषणाला उभा राहिलो. ‘मतभेद विसरून’ इथपर्यंत आलो आणि वारा दारातून आत शिरला. झोपडी फुगली. अक्षरशः फुगली. मग छप्पर एकसंध वर गेलं, आमच्या डोक्यावर जरा वेळ तरंगलं आणि पिकअपची काच फोडून तिथेच जाऊन बसलं. मेहुण्याने माझ्या खानदानाचा उद्धार केला. त्यात त्याची बहीणही येते हे त्याच्या लक्षात आलं नाही. छप्पर परत उडू नये म्हणून मी एक मोठा दगड डोक्यावर उचलून तिकडे धावलो. पेपरवाला फोटो काढत होता. त्याला हसू आवरत नव्हतं, म्हणून कॅमेरा हलत होता.

तरीही मी खचलो नाही. मोठ्याने म्हणालो, यावरून त्या लोकांचं जीवन किती खडतर होतं ते दिसतं.

पण ऐकायला कोण होतं? म्युझियमवालीने झोपडीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. ती आणि ही मागच्या गवतात फिरत होत्या. हिच्या हातात मोबाइल. दोघी दोन पावलं मागे जात, मोबाइल वर धरत, समोरच्या सुळक्याशी काहीतरी जुळवत, पुन्हा पुढे येत. मग थांबल्या. म्युझियमवाली एकदम गुडघ्यांवर बसली. मला वाटलं, भारावली. लगबगीने गेलो.

तिच्यासमोर जमिनीत खड्डे होते. ताजे, उघड्या मातीचे. एकाशेजारी एक, गोलाकार. मी ते असे वरून एका नजरेत कधी पाहिले नव्हते.

इथले दगड कुठे गेले, तिने विचारलं.

कुठले दगड, म्हणालो.

तिने हिच्या हातातला मोबाइल माझ्यासमोर धरला. माझाच फोटो. पुढे माझं रिंगण, आणि मागे, उतरत्या उन्हात, गवतातून जेमतेम डोकं काढलेलं दुसरं. पूर्ण. दार वाऱ्याच्या उलट दिशेला.

मेहुणा म्हणाला, मी म्हटलं होतं दाजी, गोल दिसतंय. अशा वेळी नातेवाइकांची स्मरणशक्ती फार तल्लख होते.

म्युझियमवाली आवाज न चढवता बोलत होती, ते जास्त लागलं. म्हणाली, मी या पठारावर तीन वर्षं चालतेय. नकाशावर चौकोन आखून, एकेक चौकोन पायाखाली घालून. या रविवारी या चौकोनाची पाळी होती. मार्चातच येता आलं असतं, माझा पाय मुरगळला होता.

म्हणालो, पण दगड सगळे आहेत. एकही हरवलेला नाही. फक्त जागा बदललीय.

जागा म्हणजेच झोपडी, म्हणाली. दगड काय, सगळ्या डोंगरभर आहेत.

मग उठून माझ्या भिंतीपाशी गेली आणि बुटाच्या टोकाने खालची माती सरकवली. दोन दगडांमध्ये सिमेंट. माझ्या लक्षात ते आलं नव्हतं असं नाही. मी त्याला चुन्याचा नैसर्गिक थर समजत होतो.

पेपरवाल्याने विचारलं, मग अतिक्रमण नेमकं कुणी केलं?

मेंढपाळ लांबून माझ्याकडे बघत होता, त्याचा कुत्राही. तेवढ्यात ही बोलली. हळू नाही. पठारावर प्रतिध्वनी येतो हे मला आज कळलं.

म्हणाली, मी तुम्हाला पहिल्यांदाच सांगितलं होतं, मागे काहीतरी आहे. तुम्ही मला हाडं बघ म्हणालात. आयुष्यभर मी काहीतरी दाखवते आणि तुम्ही त्याच्यावर पाय देऊन दुसरीकडे बघता.

काचेशिवाय पिकअप चालवत मेहुणा तिला घेऊन गेला. मी चालत उतरलो. भाषण खिशातच राहिलं. तसं चांगलं जमलं होतं.

१४ एप्रिल

ही मेहुण्याकडेच राहिली. फोन केला. मेहुण्याने उचलला. म्हणाला, आदिमानवांकडे फोन नव्हता. ठेवला.

शांतपणे विचार केला. चूक कुणाची? म्युझियमची. खरी रिंगणं उठून दिसत नाहीत असं सांगितलं, पण कुठली न दिसणारी, ते सांगितलं नाही. उतरत्या उन्हाची चूक. पिकअप दिला ती मेहुण्याची चूक. हिने तर त्या दिवशी आणखी जोर लावून सांगायला हवं होतं.

पोळ्या करायला घेतल्या. एकही गोल झाली नाही.

१७ एप्रिल

साहेबांनी बोलावणं पाठवलं. टेबलावर पेपर. पहिल्या पानावर मी, डोक्यावर भला मोठा दगड, तोंड उघडं, पाय हवेत. शेजारी माझा पाठदुखीचा दाखला ठेवला होता. साहेबांनी दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले आणि चहा प्यायला लागले.

रजा रद्द. चौकशी. बढतीची यादी निघणार होती, तिच्यातून नाव काढलं. ते तिच्यात होतं, हे मला तेव्हाच कळलं.

शेजारच्या टेबलवाल्याने खोडरबर पुढे केलं. लागेल तुम्हाला, म्हणाला.

२२ एप्रिल

म्युझियममधून बोलावणं. मी वकिलाच्या थाटात गेलो. म्युझियमवालीने बसायलाही सांगितलं नाही. म्हणाली, प्राचीन स्थळाची नासधूस हा गुन्हा आहे, मी तक्रार लिहून ठेवलीय, सही तेवढी बाकी आहे.

मी म्हणालो, तुम्ही मला ओळखत नाही.

म्हणाली, ओळखते की. तुमच्या मिसेस रोज येतात इथे, ड्यूटी सुटल्यावर.

खिडकीतून आतली खोली दिसत होती. तिथे मोठ्या टेबलावर हवेतून काढलेले पठाराचे फोटो पसरलेले आणि त्यांच्यावर वाकलेली ही. भिंग हातात. केसांत पेन्सिल खोचलेली. मान वर करून बघितलं नाही. मला वाटतं, माझा आवाज तिला ऐकू आला होता.

म्युझियमवाली म्हणाली, त्यांच्या शब्दाखातर एक संधी देते. जे उचललं ते खाली आणायचं. आम्ही सांगू तसं. तोंड न उघडता.

अटी अपमानास्पद आहेत, म्हणालो. हमीपत्रावर सही केली.

३ मे

दर शनिवार-रविवार पठारावर. पिकअप नाही. मेहुणा देत नाही. एकेक दगड पोटाशी धरून नेतो. म्युझियमचे लोक मला नाव घेऊन हाक मारत नाहीत. एऽ काका, म्हणतात. मेंढपाळ भाकरीचं गाठोडं घेऊन बघायला बसतो. करमणूक झालीय त्याची.

ही आराखडा घेऊन खड्ड्यांपाशी बसते. दगड फिरवून बघते, खड्डा बघते, बोटाने कडा चाचपते. खुब्याचं हाड खोबणीत बसतं तसा दगड बसला पाहिजे, असं तिचं म्हणणं. अहो, तो नाही, त्याच्या बाजूचा. अहो, उलटा धरलाय. एवढंच बोलते माझ्याशी. पण ‘अहो’ म्हणते. नोंद करून ठेवतो.

आज तिने सांगितलेले दगड सगळे बसले. मी माझ्या मनाने एक नेला तो नाही बसला. मुकाट परत नेला. बोललो नाही. बोलण्यासारखं खूप होतं.

आता पाठ खरंच दुखते. कुणी विश्वास ठेवत नाही.

१८ मे

मधली माती खणायला घेतली होती. मला लांब ठेवतात, बादल्या ओतायच्या कामावर. दुपारी एकदम सगळे एका जागी वाकले. मी बादली टाकून गेलो.

चूल निघाली होती. काळी माती, कोळशाचे तुकडे, उभे लावलेले तीन दगड, आणि दोन बाजूंना दोन सपाट दगड, बसून बसून गुळगुळीत झालेले. वारा सुटला होता, पण त्या खळग्यात उतरल्यावर अजिबात लागेना. दार त्यांनी बरोबर ठेवलं होतं. मी महिनाभर इथून दहा पावलांवर वाऱ्यात डबा खात होतो.

ही ब्रशने माती बाजूला करत होती. स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली, दोघं बसत असणार इथे.

भांडत असणार, म्हणालो. तोंड न उघडण्याची अट होती, पण निघून गेलं.

म्युझियमवालीने माझ्याकडे रागाने बघितलं. ही हसली नाही. ब्रश थांबवला, त्या दोन दगडांकडे बघितलं आणि म्हणाली, असणारच. जाणार कुठे इथून?

मग मला बादली भरून दिली.

२ जून

ही घरी आली. बॅग आत ठेवत म्हणाली, गैरसमज नको, दादाच्या गल्लीत पाण्याची बोंब आहे, म्हणून आलेय.

ऑफिसात जाऊन नकाशा बघितला. त्या गल्लीला दोन्ही वेळ पाणी आहे. तक्रार एकही नाही.

हे घरी बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी माहीत होतं आणि मी ते बोललो नाही. फार जड गेलं.

९ ऑगस्ट

म्युझियमचा अहवाल आला. जाड कागद, रंगीत नकाशे. पहिल्याच पानावर हिचं नाव, स्थळ ओळखणारी म्हणून. पुढे तिनेच फोटोंतून शोधलेली आणखी रिंगणं. अख्खी वस्ती होती तिथे. म्युझियमवालीने पुढच्या खणण्यासाठी हिला लेखी बोलावलंय. ही ते पत्र वाचत गॅलरीत बसलीय, तिसऱ्यांदा.

मी माझं नाव शोधलं. आभारात नाही. तळटीपांत नाही. मागच्या सूचीतही नाही. दोनदा चाळलं.

मग सापडलो. मधल्या एका पानावर, भिंतीच्या वर्णनात: ‘ईशान्येकडील बाजू अलीकडील मानवी हस्तक्षेपामुळे अभ्यासास निरुपयोगी.’

तो मानव मी.

हिला जाऊन दाखवलं. निदान नाव तरी घालायचं, म्हणालो. शोध शेवटी माझ्याच फोटोत होता.

म्हणाली, घालणारच होते. मीच नको म्हटलं.

उपकार झाला की अपमान, यावर दुपारपर्यंत विचार केला. ठरलं नाही. भांडी घासली.